पेवातली गोळी

आप्पांची चिठ्ठी लॅमिनेट केलेली आहे. गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास डॉक्टरांनी ती लिहून दिली आणि त्याच संध्याकाळी आप्पांनी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ती प्लास्टिकमध्ये बंद करून आणली. असं का केलं, म्हणून मी विचारलं. "भिजत नाही, फाटत नाही, आणि डॉक्टरला तिच्यावर नवीन काही लिहिता येत नाही," आप्पा म्हणाले.

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. आप्पांची चाळीस वर्षं हळदीच्या अडतीत गेली. आता गादीवर मुलगा बसतो आणि आप्पा माझ्या दुकानातल्या स्टुलावर. चिठ्ठीवर एकच ओळ आहे : एटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, रात्री एक, चालू ठेवणे. रक्तात एलडीएल, म्हणजे घातक कोलेस्टेरॉल, १७२ निघालं होतं. जोडीला साखर होती आणि थोरल्या भावाची बायपास झाली होती. डॉक्टरांनी फारसा विचार केला नाही. आप्पांनी मात्र केला.

"ही गोळी कुठल्या गावची?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. हळकुंड हातात घेतल्यावर गाव विचारणारा माणूस, गोळीला कसा सोडेल? मी हौसेनं सगळी कुळकथा सांगितली. जपानमध्ये अकिरा एन्डो नावाचे शास्त्रज्ञ होते. कोलेस्टेरॉल तयार होणं थांबवणारा पदार्थ एखाद्या बुरशीत सापडेल, अशा आशेनं त्यांनी सहा हजारांवर बुरश्या तपासल्या. १९७३ मध्ये एकीत तो सापडला. ती बुरशी आली होती क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरून. पुढे त्याच जातीचं, म्हणजे स्टॅटिनचं, पहिलं औषध १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तांदळाला बुरशी लागली, तर तो भला माणूस दुकानदाराशी भांडला नाही?"

"नाही."

"आणि दुकानदाराला दलाली किती मिळाली?"

"काहीच नाही. एन्डोंनाही नोबेल मिळालं नाही. २०२४ मध्ये वारले, नव्वद वर्षांचे होऊन."

"मग धंदा कुणी केला?" आप्पांनी मान हलवली. पण बुरशीचं त्यांच्या मनात पक्कं बसलं. दुसऱ्या दिवशी काकू सांगत आल्या, "शिळ्या भाताचा फोडणीचा भात मागतायत, वर दोन चमचे तेल जास्त. म्हणे, औषधच आहे."

गोळी सुरू झाली तशी आप्पांनी तिची रोजकीर्द घातली. लाल कापडी बांधणीची वही, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. वही ते रोज काखेत घेऊन येत आणि माझ्या काउंटरवर उघडत. पौर्णिमेचं पान मी या डोळ्यांनी पाहिलंय. 'नरसोबाची वाडी. बासुंदी वाट्या २, नावे. कंदी पेढे ४, प्रसाद, धरले नाहीत. गोळी १, जमा. शिल्लक निरंक.' गोळी सुरू व्हायच्या आधी आप्पा बासुंदीची एक वाटी खायचे, तीही भीत भीत. आता दोन खातात, कारण दुसरीची तरतूद झालेली असते. कोपऱ्यावरच्या गाड्यावर भजी खाताना कुणी हटकलं, तर खिशातली स्ट्रिप अशी काढून दाखवतात, जसा एसटीत कंडक्टरला पास दाखवावा.

एकादशीला मात्र गोळी बंद. उपासाला गोळी चालत नाही, असं आप्पांचं शास्त्र. साबुदाण्याची खिचडी चालते, तिच्यावरचं तूप चालतं, दाण्याची आमटी चालते, खोबऱ्याची बर्फी चालते. गोळीला आवरण असतं म्हणे, आणि ते कशाचं असतं कुणी पाहिलंय?

रक्त तपासायच्या आधीचे आठ दिवस मात्र आप्पा निराळेच असतात. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर पुस्तक उघडणाऱ्या मुलासारखे पहाटे आमराईत फेऱ्या मारतात, दुधीचा रस पितात, भाकरीला तूप लावत नाहीत. भडंगाच्या डब्याला काकूंनी कुलूप घातलं, असं बाहेर सांगतात. किल्ली त्यांच्याच जानव्याला असते.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. एलडीएल १०५. आप्पांनी दुकानात पेढे वाटले (ते कुणाच्या नावे टाकले कोण जाणे) आणि जाहीर केलं, "बरा झालो. आता गोळी बंद."

"आप्पा, गोळी चालू आहे म्हणून १०५ आलंय."

"अरे, नव्वद गोळ्या गेल्यात पोटात. एकादश्या सोडल्या तर चौऱ्याऐंशी. एवढा माल भरल्यावर पुरणार नाही वर्षभर? हरिपूरची पेवं पाहिलीयस ना?"

सांगलीकराला पेव सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. सांगलीशेजारी हरिपूरला जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवत. तोंड अरुंद, पोट अवाढव्य. एकदा तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं तशीच राही, कीड नाही की काही नाही. भाव आला की पेव फोडायचं. आप्पांचा सगळा संसार या पेवांवर झाला, त्यामुळे स्वतःचं शरीरही त्यांना पेवच वाटतं. एकदा भरलं की बसा निवांत.

मी त्यांना त्यांच्या मुलखातली भाषा लावून पाहिली. म्हटलं, "आप्पा, कोलेस्टेरॉल काही सगळं ताटातून येत नाही. बरंचसं आपलं लिव्हरच तयार करतं. लिव्हर म्हणजे साखर कारखाना समजा. त्यात एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं..."

"नाव सोड, काम सांग."

"कारखान्यातल्या एका यंत्रात गोळी रोज खुट्टी मारते. गाळप मंदावतं. मग हातचा माल कमी पडला की कारखाना काय करतो?"

"बाहेरून ऊस ओढतो. बेळगावकडनं."

"तसंच. लिव्हर रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं, म्हणून रक्तातलं कमी होतं. ते आत कसं ओढलं जातं, हे शोधणाऱ्या दोन अमेरिकन डॉक्टरांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं. पण खुट्टी चार दिवसांत विरघळते. रोज नवी मारली नाही तर यंत्र पुन्हा सुरू. काही आठवड्यांत गाळप पहिल्यासारखं."

आप्पांना उसाचं पटलं, खुट्टीचं नाही. गोळी बंद झाली.

खरी गंमत पुढेच झाली. गोळी चालू असताना आप्पांचे गुडघे दुखत आणि त्याचा दोष गोळीला जाई. "स्टॅटिननं अंग दुखतं, व्हॉट्सअॅपवर आलंय." गोळी बंद होऊन दोन महिने झाले तरी गुडघे दुखतच होते. मी डिवचलं, तर म्हणाले, "पेवात जुना माल आहे ना अजून!" म्हणजे गुणही साठलेला आणि दुखणंही साठलेलं. या हिशेबाला तोड नाही.

मग मी लंडनच्या प्रयोगाची गोष्ट काढली. अंगदुखी वगैरे त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेली साठ माणसं घेतली. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत एटोरव्हास्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी खोटी गोळी आणि चार रिकाम्या. खरी कुठली, खोटी कुठली, हे कुणालाच ठाऊक नाही. २०२० मध्ये निकाल आला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यापेक्षा खऱ्या गोळीनं जेवढा जादा त्रास झाला, त्याच्या नव्वद टक्के खोट्या गोळीनंही झाला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत मात्र माणसं बरीच सुखी होती. निकाल कळल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

"रिकाम्या बाटलीच्या महिन्याचे पैसे कापून घेतले का?" आप्पांनी विचारलं. आणि जाता जाता, "तुझ्याकडे आहे का तसली? रिकामी?"

थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. स्टॅटिननं स्नायू खरोखर दुखणारी माणसं असतात. फार दुखायला लागलं, अशक्तपणा आला, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. पण आप्पांचे गुडघे मी वीस वर्षं ओळखतो. गोळीच्या कितीतरी आधीपासून ते अडतीच्या पायऱ्या चढताना कुरकुरायचे.

सहा महिन्यांनी मुलानं जबरदस्तीनं रक्त तपासून आणलं. एलडीएल १६९. आप्पांनी कागद लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला. मी काही बोललो नाही. त्यांनीच वही उघडली, जुना १७२ काढला, वजाबाकी केली आणि चेहरा खुलला. "बघ! तीन अजून शिल्लक आहेत पेवात!"

काकू त्या दिवशी बरोबर आल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी आप्पांच्या धंद्यात तोंड घातलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आणि २००५ ला काय झालं हो त्या पेवांचं?"

आप्पा गप्प. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं. त्यांतली दोन आप्पांची होती. तोंडं पक्की बंद होती, हिशेब चोख होता, आणि नदी काही विचारायला आली नाही.

पाचएक मिनिटांनी त्यांनी खिशातून लॅमिनेट केलेली चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. "दे." मी पंधराची स्ट्रिप काढली. "दहाच दे," असं तोंडातून निघालं होतं, पण काकूंकडे पाहून त्यांनी ते गिळलं. दोन स्ट्रिपा घेतल्या.

सध्या आप्पा रात्री नऊला गोळी घेतात. एकादशीचा वाद मिटलेला नाही, पण वाडीची बासुंदी एका वाटीवर आली आहे. वही अजून चालू आहे. फक्त जमेच्या बाजूला आता 'शिल्लक' हा शब्द लिहीत नाहीत.

तुमच्याही घरात एखादे आप्पा असतील. रिपोर्ट चांगला आला म्हणून ते गोळी बंद करायला निघाले, तर त्यांना एवढंच सांगा : हळद पेवात राहते, गोळी राहत नाही. ती बंद करायची की चालू ठेवायची, हे डॉक्टरांना विचारा. आणि विचारायला जाताना चिठ्ठी साध्या कागदावरची न्या.