कंपनीची चूक

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी ज्या अभियंत्यांनी फार्गो नावाचा हलका मालट्रक सिद्ध केला, त्यांच्या बुद्धीविषयी आमच्या मंगळवार पेठेतील आबांना आदर नाही असे कोणी म्हणू नये. परंतु तो आदर नव्याने नेमणूक झालेल्या उमेदवार कारकुनाविषयी जुन्या शिरस्तेदाराला वाटावा त्या जातीचा आहे. पोरे हुशार होती, अक्षर वळणदार होते, कष्टही बरे केले होते. फक्त कागद शेवटी आबांच्या नजरेखालून गेला नाही, एवढीच त्रुटी राहिली. ती दूर करण्याचे काम आबांनी गेली कित्येक वर्षे घरामागच्या परड्यात, पत्र्याच्या छपराखाली, एका पिकअपवर चालविले आहे.

आबा म्हणजे कोणी एकच गृहस्थ असा वाचकांनी ग्रह करून घेऊ नये. शुक्रवार पेठेत त्यांना बापू म्हणतात, राजारामपुरीत अण्णा, आणि कसबा बावड्यात नुसते मेस्त्री म्हटले तरी भागते. वय साठीच्या पलीकडे गेलेले, संसाराचा भार मुलाने उचललेला, शिवाजी उद्यमनगरातील निदान दोन-तीन लेथवाल्यांवर जुन्या उपकारांचा किंवा जुन्या उधारीचा हक्क पोहोचत असलेला, आणि इतरांच्या बंडीच्या खिशात जेथे तंबाखूची चंची असते तेथे व्हर्नियर बाळगणारा जो कोल्हापूरकर, तो आबा. सोयीसाठी येथे एकाच आबांची कैफियत देतो. बाकीच्यांची थोड्याफार फरकाने तीच समजावी.

प्रस्तुत फार्गोचे कुलवृत्त असे, की वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात, क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारान्वये, १९४७ पासून गाड्यांची जुळणी होऊ लागली, आणि एकाच गाडीला डॉज व फार्गो अशी दोन नावे देऊन विकण्याचा त्या कंपनीचा रिवाज इकडेही चालू राहिला. आबांची गाडी त्या गोत्रातली. ऐन उमेदीत तिने गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेत वाहिले. उतारवयात तिचे इंजिन काढून भोगावतीच्या काठी पाणी उपसण्यास जुंपण्यात आले, आणि उरलेल्या सांगाड्याच्या हौद्यात वैरण व केबिनमध्ये कोंबड्या अशी व्यवस्था झाली. पुढे भावकीच्या वाटणीत चासी थोरल्याकडे व इंजिन धाकट्याकडे गेले, आणि दोघांत बोलणे नसल्यामुळे आबांना एका गाडीसाठी दोन स्वतंत्र तहनामे करावे लागले. चासी भंगाराच्या भावाने वजनकाट्यावर मिळाली. इंजिनासाठी मात्र धाकट्याने नवा पंप मागून घेतला, आणि तो देताना आबांच्या चेहऱ्यावर आपण फसलो असा भाव नव्हता, फसविल्याचाच होता.

"गाडी ओरिजिनलच ठेवायची," हे आबांचे पहिले वाक्य असते. आणि "फक्त कंपनीची चूक तेवढी काढायची," हे दुसरे. या दोन वाक्यांत काही विसंगती आहे असे त्यांना कधी वाटले नाही, आणि ज्यांना वाटले त्यांना पुन्हा चहा मिळाला नाही. जुन्या वाहनांच्या भक्तांत जगभर दोन पंथ आहेत: एक, मूळ रंगाच्या छटेपासून आणि मूळ स्क्रूच्या खाचेपासून रेसभर ढळणे हे पातक मानणारा, दुसरा, महायुद्धानंतरच्या अमेरिकेत विशेष बोकाळलेला, टप कापून बसका करणारा, दुप्पट ताकदीचे इंजिन कोंबणारा आणि मडगार्डावर ज्वाळा रंगविणारा. पहिल्याला गाडी पूर्वी होती तशी हवी असते, दुसऱ्याला ती मालकाच्या स्वभावासारखी हवी असते. आबांना ती, कंपनीने नीट विचार केला असता तर जशी झाली असती, तशी हवी आहे.

हा अहंकार आहे हे मी नाकारीत नाही, परंतु तो अगदीच निराधार नाही. ज्या शहरात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता दामल्यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढून दाखविला, जेथे उसाच्या चरकांची व ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता ओतशाळांचे जाळे उद्यमनगरातून शिरोलीपर्यंत व गोकुळ शिरगावपर्यंत पसरले आणि देशातील मोटार कारखान्यांना सुटे भाग पुरवू लागले, तेथल्या माणसाला परदेशी यंत्र पाहून हात जोडावेत असे सहसा वाटत नाही. पाना कितीचा लागेल, हेच प्रथम मनात येते.

इंजिनाच्या ठोकळ्याला पाण्याच्या बाजूने तडा गेला होता, तेव्हाची हकीकत सांगितली पाहिजे. बीड हा धातू मोठा मानी. एका जागी तापवावा आणि बाकीचा थंड राहू द्यावा, तर तो शेजारी दुसऱ्या जागी तडकतो. म्हणून सबंध ठोकळा कोळशावर सारखा तापवून, पितळेचा झाळ देऊन, मग राखेत पुरून सावकाश निववावा लागतो. हा विधी आबांनी परड्यातच केला. राखेची तरतूद वहिनींनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, बंबाच्या शिलकेतून आणि शेजारणींकडून वर्गणी काढून केली. आणि त्या रात्री गल्लीतल्या निम्म्या पुरुषांनी काही ना काही निमित्ताने परड्यात येऊन ढिगावर हात धरून पाहिला. येथे मला थट्टा सुचत नाही. राख उकरल्यावर ठोकळ्यात पाणी भरून ठेवले, आणि दिवसभरात त्यातून एक थेंबही पाझरला नाही. काम अव्वल दर्जाचे होते. आबांनी त्यावर केवळ "हं" म्हटले, कारण तड्याचा दोष कंपनीकडे जात नव्हता आणि त्यामुळे त्यांना त्यात फारसा रस उरला नव्हता.

त्यांचा खरा पराक्रम हेडच्या बाबतीत घडला. या सहा सिलिंडरी इंजिनात व्हॉल्व्ह माथ्यावर नसून सिलिंडरच्या कुशीला उभे असतात, आणि हेड म्हणजे वरून बसविलेले केवळ एक झाकण होय. रचना सोपी, स्वस्त, खेड्यातल्या मेस्त्रीलाही उलगडणारी, पण वायूला वळसा घालून ये-जा करावी लागते आणि दाबही बेताचाच मिळतो. आबांनी निदान केले की कंपनीने हेडमधली पोकळी विनाकारण खोल ठेवली. हेड उद्यमनगरात गेले. सबंध एक सूत फेसिंग करावयाचे आहे हे ऐकून तेथला कारागीर भीत भीत म्हणाला, "आबा, लई हुतंय." आबा म्हणाले, "घे रं मर्दा. काय हुत न्हाई." हेड बसले, हँडल मारले, आणि आतून टक् असा एक आवाज आला: उघडू पाहणारे व्हॉल्व्ह खाली उतरलेल्या झाकणावर आपटत होते. आबा त्या रात्री जेवले नाहीत. पुढे तांब्याचे एक जाड पॅकिंग, त्याखाली दुसरे, असे करीत करीत त्यांनी हेड पुन्हा वर उचलले, आणि व्हर्नियर लावून पाहिला तेव्हा एकंदर माप कंपनीने मुळात दिले होते त्याच्याशी केसभराच्या फरकाने येऊन जुळले. ही गोष्ट त्यांच्या ध्यानी आणून देण्याचे धाडस मंडळींपैकी एकाने केले. आबांनी त्याच्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले.

"त्यांचं ते अंदाजपंचे हुतं," ते म्हणाले, "हे हिशेबानं आलंय."

पाण्याच्या पंपाचेही तेच. त्याचे कवच नवे ओतून घ्यावयाचे, तर लाकडी पॅटर्न जुन्याच्याच मापाचा करून चालत नाही, कारण ओतलेले बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक सूत आकसते. हे पॅटर्नवाल्याला सांगावे लागत नाही, त्याची फूटपट्टीच त्या मानाने वाढवून आखलेली असते. आबांनी त्या वाढीव मापावरही वाढ करविली, कारण कंपनीने पंप लहान दिला होता. नवा पंप बसला, इंजिन फिरले, रबरी पाइप निसटला, आणि गंजाने तांबडे झालेले सगळे पाणी शेजारच्या सांडग्यांच्या वाळवणावर जाऊन पडले. "पाइप बी बारीकच दिलाय," आबा म्हणाले. आणि शेजारणीची समजूत घालण्याचे काम, शिरस्त्याप्रमाणे, वहिनींकडे आले.

या वहिनींविषयी लोक हळहळतात, ते मला पटत नाही. गाडी अमेरिकन असल्यामुळे तिचा सगळा कारभार इंचाचा, म्हणजे सुताचा. आणि तिचे यच्चयावत नट-बोल्ट, चाक्या व वायसर वहिनींच्या लोणच्याच्या जुन्या बरण्यांतून नांदतात. "अगं, ते मडगार्डाचं..." एवढे शब्द आबांच्या तोंडून बाहेर पडतात न पडतात, तोच स्वयंपाकघरातून उत्तर येते, "तीन सुती. डाव्या बरणीत. आणि आधी हात धुवा." गाडीखात्याची खतावणीही त्यांच्याच हाती आहे. तिची बेरीज त्या मोठ्याने वाचीत नाहीत, आणि वाचावी लागेल असा प्रसंग आबा येऊ देत नाहीत. हौद्याच्या तळाला मूळच्या लाकडी फळ्या होत्या, त्या जागी आबांनी पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळईच्या फळ्या घालून त्यांना असे काही पॉलिश चढविले की आता तेथे कोणी पाय ठेवलेला त्यांना खपत नाही, मालाचे तर नावच नको. वहिनींनी एकदा, एकदाच, विचारले की मग यात न्यायचे काय. आबांनी प्रश्न ऐकला नाही.

संध्याकाळी गाडीभोवती दरबार भरतो. एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, पूर्वी ट्रकांच्या पाठीवर धबधबे व मोर काढणारा एक पेंटर, आणि ज्यांना काहीच येत नाही पण मत आहे असे चार-पाच जण, अशी ही मसलत. सहा व्होल्टची बॅटरी काढून बारा व्होल्टची बसविण्याचा प्रश्न एका बैठकीत निकालात निघाला. रेडिएटरचा मात्र अद्याप लोंबकळत आहे. रेडिएटर पुढे ठेवणे ही, आबांच्या मते, एका कंपनीची नव्हे तर समग्र मोटारशास्त्राची आद्य चूक होय: रस्त्याची धूळ त्यानेच खावी, समोरचे ऊन त्यानेच सोसावे, आणि टक्कर झाली तर पहिला बळीही त्याचाच. तो हौद्याखाली गेला पाहिजे. मग त्याला वारा कोठून मिळणार, असे एस.टी.वाल्यांनी विचारले असता आबा म्हणाले, "वारा काय मागनं येत न्हाई व्हय?" आणि त्या दिवशी वारा खरोखरच मागून येत असल्यामुळे चर्चा तहकूब झाली.

मध्यंतरी आबांचा शिकलेला भाचा सरकारी कागद घेऊन आला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून अधिक वयाच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना वेगळी नोंदणी देऊ केली आहे, नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क, पाटीवर व्हीए ही अक्षरे, दाखल्याची मुदत १० वर्षे, असे तो वाचू लागला, तेव्हा आबा मान डोलावीत होते. गाडी खाजगी वापराची असावी, येथे त्यांनी गुळाच्या रव्यांचे स्मरण होऊन भुवई किंचित वर केली. चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचावयास लावले.

"फेरफार कुठं केलाय? दुरुस्त केलीया."

भाच्याने वाद टाळून शेवटचे कलम काढले: अशी गाडी रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येणार नाही, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच मुभा. आता आबा चिडणार म्हणून सर्वांनी श्वास रोखला.

"दुरुस्तीला नेलेली चालतीय?"

"चालते."

"मग कळतंय की सरकारला," आबा संतोषाने म्हणाले. "दुसरं कुठं न्यायचीय?"

दरखास्त अद्याप दाखल झालेली नाही. परंतु त्या कलमाने आबांना जो धीर दिला, त्याच्या बळावर गेल्या दसऱ्याला, खंडेनवमीची पूजा अंगावर असतानाच, गाडी गल्लीबाहेर पडली. वाटेत कोणी हटकलेच तर दुरुस्तीला चाललो आहोत असे सांगावयाचे ठरले होते, आणि बिंदू चौकाजवळ ती बंद पडल्यामुळे त्या उत्तराला सत्याचेही बळ प्राप्त झाले. तालमीच्या पोरांना पहाऱ्यावर बसवून आबा, मी आणि एस.टी.वाले चालत दसरा चौकात गेलो. पालख्या आल्या होत्या. शमीपूजनाची तयारी झाली होती, बँड वाजत होता, आणि गर्दीला दुभंगीत छत्रपती घराण्याची मेबॅक, झेपेलिन वायुनौकांची इंजिने करणाऱ्या जर्मन कारखान्याची ती वैभवशाली गाडी, संथपणे येत होती. लोकांनी हात जोडले, जुन्या माणसांनी मुजरे केले. आबांनीही मुजरा केला, आणि तो मनापासून होता, कारण दरबारच्या बाबतीत ते कोणाला हार जाणारे नव्हेत; मात्र मान लववण्यापूर्वी त्यांची नजर बॉनेटच्या टोकाकडे एकदा जाऊन आल्याचे माझ्या लक्षात आले. गाडी पुढे गेल्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे पाहून हलक्या आवाजात म्हटले,

"बघा की, जर्मनानं बी पुढंच ठेवलाय."