क्लच दाबायचा कशाने?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला की वर्तमानपत्रांत दोन छायाचित्रं हमखास येतात, शेकोटीभोवती बसलेली माणसं आणि धुक्यातली द्राक्षबाग. बागेची काळजी घ्यायलाच हवी. थंडीने मणी तडकतात, म्हणून शेतकरी पहाटे ठिबक सुरू करतो, बागेत शेकोट्या पेटवतो. माझी तक्रार द्राक्षांबद्दल नाही. त्याच पहाटे गोदाकाठच्या गावांतून नाशिकला कामावर निघालेल्या मोटारसायकलवाल्यांच्या बोटांबद्दल आहे. त्यांची बातमी कधी येत नाही.

पाच अंश हा वाऱ्याच्या आड उभ्या असलेल्या माणसाचा आकडा. गाडी ताशी साठने धावायला लागली की उघड्या कातडीला तीच हवा उणे दोनसारखी लागते. अशा वेळी शरीर आधी छाती-पोट सांभाळतं आणि बोटांकडचं रक्त आखडून घेतं. बोटं हलवणारे मोठे स्नायू असतात मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागात, त्यामुळे बोटांना स्वतःची अशी ऊब जवळजवळ नसतेच. आणि गाडीवर सगळ्यात पुढे, वाऱ्याच्या थेट तोंडाशी, धातूचे लिव्हर धरून हीच बोटं असतात. वाटेतल्या चांदोरीपर्यंत ती दुखतात. त्यानंतर दुखायची थांबतात, आणि ते जास्त वाईट. साठच्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. बधिर बोटाने ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला तर आठ मीटर गेले. पुढे उसाची ट्रॉली असेल तर हे आठ मीटर कुठून आणायचे?

सरकारी नियमामुळे 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही जळतो. 2019 पासून 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस आणि खालच्यांना सीबीएस या ब्रेकच्या सोयी सक्तीच्या झाल्या. चांगलं झालं, जीव वाचतात. पण ब्रेकचा इतका विचार करणाऱ्यांनी तो दाबणाऱ्या बोटांचा विचार केलेला मला दिसत नाही. मुठी गरम करणारी सोय परदेशी महागड्या गाड्यांवर असते. दूधवाला ज्या शंभर सीसीच्या गाडीवर चार कॅन लटकवून फिरतो, तिला बहुधा मुठीपुढे वारा अडवणारं साधं प्लॅस्टिकही नसतं.

‘मग हातमोजे घाला’ असं सांगणारे खूप आहेत. ते बहुधा चारचाकीतून सांगतात. बाजारात लोकरीचे हातमोजे मिळतात. ते चालताना ठीक, गाडीवर वारा त्यांतून आरपार जातो, आणि दवाने ओले झाले की नसलेले बरे. दुसरे मिळतात ते बोटं अर्धी उघडी ठेवणारे. हे हिवाळ्यात का विकतात, हे एकाही दुकानदाराने मला समजावून सांगितलेलं नाही. तिसरे जाड, अस्तराचे. पण माप एकच, ‘फ्री साइज’. माझ्या हाताला ते घट्ट बसतात, आणि घट्ट मोज्यात रक्त आणखी अडतं. बायकांच्या हातांना ते इतके सैल होतात की क्लचवर पकड राहत नाही. रेनकोट घ्यायला जा, पाच मापं समोर टाकतात. हाताला मात्र माप नाही!

ज्यांना मोजे घालताच येत नाहीत, त्यांचं काय? पेपर टाकणाऱ्या पोराला अंक मोजून घडी घालायची असते. दूधवाल्याचे हात दर दारात ओले होतात. पेट्रोलपंपावर फोन दाबायला मोजा काढला की पुढचे दहा किलोमीटर ती ऊब परत येत नाही. म्हणून लोक लोकरीच्या मोज्यावर दुधाची धुतलेली पिशवी चढवतात, जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालतात. हे दोन्ही उपाय खरोखर चालतात. पिशवी वारा अडवते, आणि छाती गरम राहिली की शरीर बोटांकडे रक्त सोडतं. पण इतक्या कारखान्यांच्या जिल्ह्यात कामगाराला दुधाच्या पिशवीवर भागवावं लागावं, याचा मला राग येतो.

दिल्ली-पंजाबकडे हँडललाच बसवायच्या रेक्झिनच्या खोळी मिळतात, आतून मऊ अस्तर असलेल्या. हात उघडाच आत घालायचा, लिव्हर आतच दाबायचे. किंमत काही शे रुपये. पेपरवाल्या पोराचा प्रश्न त्यात सुटतो, दूधवाल्याचाही. मी नाशिकमध्ये त्या मागितल्या तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी असते?’

असते. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद दर हिवाळ्यात पेपरात छापून येते, ती वाचावी. दुकानदारांनी दिवाळीच्या मालासोबत या खोळी मागवाव्यात, तीन मापांचे हातमोजे ठेवावेत. आणि ज्यांच्या दारात पहाटे दूध किंवा पेपर येतो, त्यांनी यंदा त्या माणसाला खोळींची एक जोडी घेऊन द्यावी. बसवताना क्लच आणि ब्रेक पूर्ण सुटतो ना, अस्तर कुठे अडकत नाही ना, एवढं मात्र गाडी उभी असतानाच तपासून घ्यावं.