होऊन राह्यलं, भाऊ!

वऱ्हाडात जून लागला की दोन गोष्टींची वाट पाहायची: पावसाची आणि दाखल्याची. अमरावती असो की अकोला, खिडकीसमोर रांग लागली की आतल्या संगणकाला नेमकं अपडेट आठवतं. निळ्या पडद्यावर '३० टक्के पूर्ण. संगणक बंद करू नका.' ही विनंती विजेपर्यंत पोहोचलेली नसते. 'होऊन राह्यलं, भाऊ, बसा!'

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी डागडुजी धाडते. शेकडो संगणक सांभाळणाऱ्याने आधी चार-दोन यंत्रांवर ती तपासावी, मग रात्री टप्प्याटप्प्याने बाकीच्यांवर चढवावी, अशी रीत. आपल्याकडे टप्पा एकच: 'नंतर आठवण करा.' मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभरचे संगणक ओलीस धरले. त्यावरचा उतारा मार्चमध्येच आला होता. तोही बहुधा आठवणीतच राहिला.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, ती बऱ्याच जुन्या डब्यांत नाही. म्हणजे अपडेटची कटकट कायमची मिटली, असा निःश्वास काही टेबलांवर ऐकू येतो. चोरांनाही तेच हवं होतं.

जिथे अपडेट अजून येतात, तिथे दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी सकाळी दाखल्याला जाऊ नका.