स्नो रिपोर्ट लिहिणाऱ्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. स्नो रिपोर्ट लेखक,
एक स्की रिसॉर्ट, पोकोनो, पेनसिल्व्हेनिया

सा. न. वि. वि.

निसर्गाचं वर्णन करणारे लेखक पुष्कळ झाले. नसलेल्या निसर्गाचं वर्णन रोज पहाटे, तेही इंचांत, करणारे आपण एकटेच. म्हणून हे कौतुकाचं पत्र.

परवाच्या शनिवारी आपण लिहिलंत : बर्फ 18 ते 36 इंच, जवळपास सगळे उतार खुले. त्या भरवशावर आम्ही एडिसनहून अंधारातच निघालो. डब्यात दशम्या, गाडीत पुण्याहून आलेल्या सासूबाई. त्यांना बर्फ दाखवायचा होता. तपकिरी डोंगरावरून खाली आलेली पांढरी चिंचोळी पट्टी त्यांनी निरखून पाहिली आणि विचारलं, ‘‘इथं फक्की कशाला मारलीय?’’

आपले 36 इंच मला सापडले, हे कबूल केलं पाहिजे. बर्फाच्या यंत्राच्या तोंडासमोर ढीग होता, तिथे ते सगळे एकत्र जमले होते. 18 मात्र कुठं गेले कळलं नाही. बाकी उतारावर आदल्या दिवशीचा पाऊस गोठला होता. स्कीची धार त्यावर रुतत नव्हती, नुसती कर्रर्र करून ओरडत होती. मध्येच दगड लागला की आवाज बदलायचा, तेवढीच विविधता. भाड्याच्या बुटाचं वरचं बक्कल लागत नव्हतं. आतला ओलावा माझ्या आधीच्या भाडेकरूचा होता.

यंत्राला दोष देत नाही. हवा पुरेशी थंड आणि कोरडी असल्याशिवाय पाण्याच्या फवाऱ्याचा बर्फ होत नाही, याला कोण काय करणार? कनेक्टिकटमधल्या तीन स्की बनवणाऱ्यांचा माल 1949-50च्या बिनबर्फाच्या हिवाळ्यात पडून राहिला, तेव्हा त्यांनी रंगाचा स्प्रे, कॉम्प्रेसर आणि बागेची नळी जोडून हे यंत्र उभं केलं. बर्फ पडेना म्हणून त्यांनी बर्फ बनवला. आपण त्यांच्या एक पायरी पुढे गेलात : बर्फ पडेना म्हणून वाक्यं बनवलीत. त्यांना निदान पाणी तरी लागायचं.

चेअरलिफ्टबद्दलही आभार. जहाजावर केळ्यांचे घड चढवण्याच्या यंत्रणेवरून जिम करन या इंजिनिअरला ती सुचली आणि 1936 साली आयडाहोच्या सन व्हॅलीत माणसं तिच्यावर बसू लागली. केळ्यांना तिकीट पडत नसे, एवढा फरक. आणि मध्येच लिफ्ट बंद पाडून वाऱ्यात टांगून ठेवल्यावर केळी थंडीनं कुडकुडल्याचंही ऐकिवात नाही.

आपल्या साहित्यप्रकाराची विद्वानांनीही दखल घेतली आहे, हे आपल्या कानावर असेलच. डार्टमथ कॉलेजातल्या झिनमन आणि झिट्झेविट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टांचे रिपोर्ट आणि हवामानाच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. ताजा बर्फ शनिवार-रविवारी जास्त पडतो, असं निघालं. मात्र फक्त रिपोर्टात. ढगांना वार कळत नाहीत, तिकीट खिडकीला कळतात. पुढे स्की करणारे जागेवरूनच मोबाईलवर खरी परिस्थिती कळवू लागले, तशी ही अतिशयोक्ती उतरली, आणि जिथे रेंज चांगली तिथे जास्तच उतरली. आपल्या पार्किंगपासून शिखरापर्यंत कुठेही रेंज येत नाही. यात आपला हात आहे असं मी म्हणत नाही.

पैसेही परत मागत नाही. तिकिटामागे बारीक अक्षरात छापलंच आहे की, निसर्गाच्या लहरीपणामुळे परतावा मिळणार नाही. निसर्ग त्या दिवशी रजेवर होता, हा मुद्दा खिडकीवरच्या मुलीला पटला नाही.

विनंती एवढीच, की शनिवारचा रिपोर्ट बुधवारीच लिहून ठेवत जावा. वरील विद्वानांच्या हिशेबानं त्या दिवशी आपण खऱ्याच्या बरेच जवळ असता.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक घसरलेला वाचक