कै. रॉबर्ट लो साहेबांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री रॉबर्ट लो साहेब बहादूर, मुक्काम परलोक, यांचे सेवेशी एका खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचे कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण १८६२ साली विलायतेतील प्राथमिक शाळांना सुधारित संहिता लागू केलीत, आणि वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल त्या प्रत्येक विषयापोटी शाळेच्या अनुदानातून दोन शिलिंग आठ पेन्स वजा करण्याची जी तजवीज केलीत, तिची कीर्ती आमच्या गळक्या शाळेपर्यंत येऊन पोहोचली आहे. मुलाच्या डोक्यात किती विद्या शिरली हे भल्याभल्या तत्त्ववेत्त्यांस सांगता आले नव्हते. ते आपण पेन्सांत सांगितलेत. ही पद्धत स्वस्त ठरली नाही तर कार्यक्षम ठरेल, आणि कार्यक्षम ठरली नाही तर निदान स्वस्त तरी ठरेल, अशी हमी आपण पार्लमेंटास दिलीत. शिक्षणाविषयी इतके प्रांजळ बोलणारा मुत्सद्दी पुन्हा झाला नाही.

मुले अर्थ न कळता पुस्तक तोंडपाठ करतात, अशी कुरकुर मॅथ्यू आर्नल्ड नामक शाळा-तपासनिसाने केली खरी. पण तो पडला कवी, त्याची दाद दप्तरात कोण घेणार? निकाल पाहून अनुदान देण्याची ही रीत आमच्या मुंबई इलाख्यातही नांदून गेली. विलायतेत तिला शतक सरण्यापूर्वीच मूठमाती मिळाली, तथापि साहेबांनी खेद करू नये. आत्मा अमर आहे.

५ जुलै २०२१ पासून आमच्याकडे ‘निपुण भारत’ अभियान सुरू आहे. तिसरीच्या मुलाने मिनिटास निदान ६० शब्द समजून वाचावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, ही अपेक्षा गैर नव्हे. अक्षरओळख नसलेले मूल पाचवीच्या बाकावर बसलेले मी पाहिले आहे, आणि मान खाली घातली आहे. गोम पुढेच आहे. चाचणी झाली की गुण ऑनलाइन भरावयाचे, आणि गावात रेंज नाही. सबब मी मोबाइल घेऊन देवळामागची टेकडी चढतो, खाली मुलांनी धरलेला सातचा पाढा वाऱ्यावर ऐकू येतो, ‘सात आठे’पाशी तो हटकून अडखळतो, आणि मी वरूनच ‘छप्पन्न’ म्हणून ओरडतो. शिकविण्याचा वेळ हा असा शिकविल्याचा पुरावा देण्यात खर्ची पडतो.

आपण कपात तरी रोखीने करीत होता. आमच्याकडे नुसता खुलासा मागविला जातो, आणि खुलासा टाळावयाचा तर चाचणीआधीचा पंधरवडा जुन्या उताऱ्यांच्या घोकंपट्टीत घालवावा लागतो. तरी परलोकी आपला शब्द चालत असल्यास एवढेच हुकूमवजा कळवावे, की मुलाचे कोठे अडते हे समजण्यासाठी घेतलेली चाचणी गुरुजींच्या जबानीसाठी वापरू नये.

कळावे, लोभ असावा.

ता. क. — आमच्या तिसरीतील एका मुलाने काल उतारा न अडखळता वाचला, आणि छापील मजकूर संपल्यावरही आणखी दोन ओळी वाचल्या. त्या गतवर्षीच्या उताऱ्यातील होत्या. गुण पूर्ण दिले आहेत.