कलम ६९ यांस, सविनय

श्री. कलम ६९,
मु. भारतीय वन अधिनियम, १९२७

सा. न. वि. वि.

आपण शंभरीला टेकलात, तब्येत ठणठणीत आहे. आमच्या सागाची मात्र नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या शेताच्या बांधावर आजोबांनी लावलेला साग आम्ही तोडला आणि वाटेत वनखात्याच्या नाक्यावर ट्रॅक्टर अडवला गेला. पंचनामा, जप्ती, तारखा. अखेर निकाल आमच्या बाजूने लागला. मागच्या आठवड्यात निकालाची प्रत घेऊन माल सोडवायला गेलो, तर साहेब म्हणाले, घरी न्यायला नवा वाहतूक पास काढा. आणि पासासाठी ओंडक्यावरचा हातोड्याचा शिक्का वाचता आला पाहिजे. ओंडके इतकी वर्षे नाक्यामागे उघड्यावर पडलेले. बाहेरचे पांढरे लाकूड वाळवीने फस्त केलेले, कापलेल्या तोंडांना बोट जाईल एवढ्या भेगा. शिक्का शोधायला हात लावला तर मूठभर भुसा हाती आला. तो भुसा कुणाच्या मालकीचा, हे कृपया कळवावे.

आपले म्हणणे मोठे सुटसुटीत आहे. एखादे वनोपज सरकारचे की नाही असा प्रश्न निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच धरायचे. आणि वनोपज म्हणजे काय, हे आपले थोरले बंधू कलम २ सांगतात: इमारती लाकूड जंगलात सापडो वा न सापडो, ते वनोपजच. म्हणजे बांधावर, विहिरीच्या काठी, गोठ्यामागे, साग कुठेही वाढवा, तोडून आडवा केला की तुमच्या घरचा.

आता गंमत पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले कलम २५ सांगते की धारकाच्या जमिनीतील झाडांवर हक्क धारकाचा. झाड उभे असेतो आम्ही मालक. आडवे झाले की संशयित! बरे, मालकी सिद्ध करायची कशी? सातबाऱ्यावर बांधावरच्या झाडांची नोंद तलाठ्याने केलेली नाही, हा गुन्हाही आमचाच. आजोबांनी रोप लावताना पावती घ्यायला हवी होती.

विणलेली बांबूची चटई वनोपज नव्हे, हे ठरवायलासुद्धा महाराष्ट्रातल्या एका माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. १९९६ साली निकाल लागला. चटईची ही कथा, तर सागाने काय आशा धरावी? १९६४ चा झाडे तोडण्याचा कायदा, त्यातली परवानगी, मोजणी, हद्दीचा नकाशा, या साऱ्यांबद्दल आज बोलत नाही. तिथे निदान अर्ज करता येतो.

खरे सांगायचे तर तुमचाही नाइलाज आहे. रात्री राखीव जंगलातून साग ओढून नेणाऱ्या टोळीपुढे वनरक्षक असतो एकटा, हातात काठी. ओंडक्यावर जंगलाचे नाव लिहिलेले नसते. तुम्ही नसतात तर प्रत्येक चोर कोर्टात 'माझ्या शेतातला' म्हणून सुटला असता. तुमच्या जोरावर त्या गरिबाची नोकरी आणि थोडेफार जंगल टिकले आहे. एवढे श्रेय तुमचे.

पण चोर तर टेम्पो टाकून पळतो, माल बेवारस म्हणून जमा होतो, मग कोर्टात चकरा मारतो कोण? ज्याचे नाव-गाव आहे, सातबारा आहे, जो पळत नाही तो! संताप याचा आहे. वर्षानुवर्षे ज्याला चोर म्हणून उभे केले, तो मालक ठरल्यावर त्याच्या पदरी कुजके लाकूड टाकायचे आणि वर पास मागायचा. याला न्याय म्हणत असाल तर म्हणा.

तुम्ही रद्द व्हा, असे आमचे म्हणणे नाही. मागणी एवढीच, की जप्त मालाचे मोजमाप करा, फोटो काढा, नमुना ठेवा आणि ज्याच्याकडे सातबारा आहे त्याच्या ताब्यात हमीपत्रावर लगेच द्या. खटला मग हवा तितका चालवा. ते जमत नसेल तर त्या थप्पीवर निदान पत्रे तरी टाका.

आपला,
एक सातबाराधारक