फिट्झला पेठ नाक्यावर उतरवा

रॉबी कोल्ट्रेन आणि माझ्यात साम्य आहे, आणि ते केवळ पोटापुरतं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. 'क्रॅकर' या ब्रिटिश मालिकेतला त्याचा मानसशास्त्रज्ञ डॉक्टर एडवर्ड फिट्झजेराल्ड ऊर्फ फिट्झ पोलिसांनी समोर आणून बसवलेल्या संशयिताकडे ज्या नजरेनं बघतो, त्याच नजरेनं मी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर मेथीच्या जुडीचा भाव सांगणाऱ्या माणसाकडे बघतो. फिट्झ सिगारेटी ओढतो, दारू ढोसतो, जुगारात पैसे घालवतो आणि त्याची बायको त्याला सोडून जाते. माझ्याकडे चहा आहे, दिवाळीतले तीन पत्ते आहेत, आणि बायको सोडून न जाता सांगलीला माहेरी जाते व ठरल्या दिवशी परत येते. एवढ्या तुटपुंज्या व्यसनांवर माणूस थोर मानसशास्त्रज्ञ होऊ शकतो का, ही माझी जुनी काळजी आहे.

बाकी पात्रता पूर्ण आहे. बी.ए.ला मानसशास्त्र होतं. पुढे आयुष्य बँकेत कर्जप्रकरणं बघण्यात गेलं. कर्ज बुडवणारा माणूस मी चेहऱ्यावरून ओळखतो. फक्त त्यासाठी आधी कर्ज बुडावं लागतं.

मालिका मुलानं दिली. तो मँचेस्टरला असतो आणि ही मालिकाही तिथलीच. जिमी मॅकगव्हर्नची निर्मिती, 1993 पासून तीन वर्षं आयटीव्हीवर चालली, आणि कोल्ट्रेनला तिन्ही वर्षं उत्कृष्ट अभिनेत्याचा बाफ्टा मिळाला. "बाबा, येण्याआधी गाव बघून घ्या," म्हणून त्यानं पेनड्राइव्ह हातात ठेवला. गाव बघायचं राहूनच गेलं. पावसाळी रस्ते, विटांच्या भिंती यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं. मी बघत होतो ती खोलीत समोरासमोर बसलेली दोन माणसं. एक बोलत नाही, दुसरा त्याला बोलतं करतो. मारझोड नाही, पट्टा नाही. शेवटी तो बोलतो आणि मी सोफ्यावर बसल्या बसल्या "अस्सं!" म्हणतो, जणू प्रश्न मीच विचारला होता.

ही बढाई एका वकील मित्रापुढे मारली, तर त्यानं फिट्झची नोकरीच घालवली. म्हणाला, तुझ्या फिट्झला साताऱ्यात कुणी चहासुद्धा पाजणार नाही. कारण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. भारतीय पुरावा कायदा, 1872, कलम 25. 2024 मध्ये नवा साक्ष अधिनियम आला, कलमाचा आकडा बदलला, आशय तोच राहिला. म्हणजे फिट्झनं रात्रभर घाम गाळून माणूस फोडायचा आणि सकाळी कोर्टानं त्याला विचारायचं, बरं, पुरावा कुठाय? गंमत म्हणजे 1872 सालचा कायदा इंग्रजांनीच केलेला. आपल्या पोलिसांवर किती विश्वास ठेवायचा हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मालिका मात्र त्यांनी स्वतःसाठी वेगळी काढली.

तपासाला मदत करणारे तज्ज्ञ आपल्याकडे नव्हते असं मात्र नाही. वाटी फिरवणारे होते. चोरी झाली की संशयितांना मंतरलेले तांदूळ चघळायला देणारे होते. ज्याच्या तोंडात तांदूळ कोरडे राहतील तो चोर. यात थोडं शास्त्र आहेच, भीतीनं तोंडाला कोरड पडते. पण कोरड निरपराध माणसालाही पडते, विशेषतः समोर पाटील आणि मागे लाठी असली की. आणि हे सगळं थोतांड म्हणून आयुष्यभर गावोगाव सांगत फिरले ते आमच्या साताऱ्याचे, मिरजेत डॉक्टर झालेले नरेंद्र दाभोलकर. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्याच खुनाच्या तपासात प्लँचेटवर आत्मा बोलावून विचारणा झाली, असा आरोप पुढच्या वर्षी छापून आला. पोलिसांनी तो नाकारला. निकाल लागायला 10 मे 2024 उजाडला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. आरोप खरा की खोटा हे बाजूला ठेवा. तो वाचून "छे, असं कसं होईल" असं आमच्या कट्ट्यावर एकही जण म्हणाला नाही, हे मला जास्त लागलं.

असो. खरे तज्ज्ञ बघायचे असतील तर सातारा-सांगली एसटीत बसा. 'क्रॅकर'च्या पहिल्याच कथेत रेल्वेच्या डब्यात खून होतो आणि संशयिताची स्मृती गेलेली असते. ते सगळे भाग होतात कारण त्या डब्यात कराडच्या काकू नव्हत्या.

काकू कराडला चढल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. मांडीवर पिशवी. ('वायर इन द ब्लड' नावाची दुसरी एक ब्रिटिश मालिका आहे, तिच्यातला मानसशास्त्रज्ञ टोनी हिल निळी प्लॅस्टिकची पिशवी हातात घेऊन खुनाच्या जागी हजर होतो, आणि त्याचं तिकडे फार कौतुक झालं. आमच्या जिल्ह्यात पिशवी नसलेल्या माणसाचाच संशय घेतात.)

"लांब निघालाय?"

"सांगलीला."

"दवाखाना?"

सांगली-मिरजेच्या बाजूला जाणारा पिकल्या केसांचा माणूस दवाखान्यासाठीच जाणार, हा इथला सर्वसाधारण अंदाज. तो चुकला तरी हरकत नसते, कारण माणूस खुलासा करतो आणि खुलाशातच अडकतो.

"नाही, सासुरवाडी."

"कुणाकडं?"

"पाटलांकडं."

इथे तपास अडला. कारण सांगलीकडचा पाटील म्हणजे मराठा असेल, जैन असेल, लिंगायतही असेल. नुसत्या आडनावावर काही ठरत नाही. आणि जात तोंडावर विचारायला काकू काही अडाणी नव्हत्या. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पाटील म्हंजे कुठलं?"

"आष्ट्याकडचे."

याचाही उपयोग नव्हता. त्या पट्ट्यात तिन्ही आहेत. मला फिट्झचा चेव चढला. म्हटलं, आता तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, बघू या बाई कशा फोडतात.

पेठ नाक्यावर गाडी थांबली. काकू खाली उतरल्या आणि कागदात गरम कांदाभजी घेऊन आल्या. "घ्या की." खेकडा भजी, वर तळलेली मिरची. यात ममता नव्हती असं मी म्हणणार नाही, पण ती प्रयोगशाळाही होती. भजं उचललं तर एक पाटील कमी होणार, नाही उचललं तर दोन. मी म्हणालो, "पित्त आहे." काकूंनी माझ्याकडे पहिल्यांदा आदरानं पाहिलं. मग इस्लामपूर जाईपर्यंत त्या गप्प होत्या, आणि गप्प बसणं हेच फिट्झचंही खरं हत्यार आहे, हे मला फार उशिरा आठवलं.

"कोल्हापूरचा तांबडा-पांढरा बरा लागतोय का आमच्याकडचं सुकं?"

"मला जिलेबी आवडते."

"सासूबाई चातुर्मास धरत असतील न्हवं?"

"तब्येत बघून."

आष्टा जवळ आलं. काकूंनी पिशवीचे बंद आवळले, पदर सावरला आणि ऊस दाखवत अगदी सहज म्हणाल्या, "आजेसासऱ्यांची समाधी मळ्यातच आसंल, व्हय?"

मी फुटलो. पुरतात की जाळतात, यावर उरलेला सगळा हिशेब सुटतो. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, कारण वाचकही मघापासून तेच शोधतोय.

संमतीशिवाय कुणाची नार्को चाचणी, पॉलिग्राफ, मेंदूचं मॅपिंग करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली दिला. कांदाभजीचा त्यात उल्लेख नाही.

काकूंचा मला राग नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एवढी तल्लख, एवढी चिवट चौकशी आम्ही फक्त डोळ्यांसमोर बसलेल्या माणसाची करतो. घरातून बाई नाहीशी झाली की हीच सगळी हुशारी एका वाक्यात संपते: "गेली आसंल कुणाबरूबर." तिचं शेवटचं बोलणं कुणाशी झालं, ती औषधाला कुणाकडे जायची, तिच्या अंगावर दागिने किती होते, यातलं कुणी काही विचारत नाही. हरवलेल्या बाईचं चारित्र्य आमच्याकडे तयारच असतं. ते मांडायला मानसशास्त्र लागत नाही.

वाईजवळच्या धोममध्ये डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एकाला पोलिसांनी ऑगस्ट 2016 मध्ये पकडलं. 2003 पासून सहा खून केले, पाच बायका आणि एक पुरुष, हा त्याच्यावरचा आरोप. पुरलेली प्रेतं बाहेर निघाली. तेरा वर्षं! ज्या मुलखात माझ्या आजेसासऱ्यांची समाधी पेठ नाका ते आष्टा एवढ्या अंतरात शोधून काढतात, त्या मुलखात तेरा वर्षांत सहा माणसं नुसती "बेपत्ता" होत गेली. पुढे 2020 मध्ये झी मराठीवर 'देवमाणूस' आली, ती याच प्रकरणावर बेतलेली म्हणून गाजली. आमच्या घरीही रोज लागायची. पहिल्याच भागात मी खुनी ओळखला आणि तसं सगळ्यांना सांगितलंही. मालिकेचं नावच त्याच्यावर होतं, हे घरच्यांनी माझ्या वयाकडे बघून बोलून दाखवलं नाही. नंतर सगळे मालिकेतल्या सरू आजीच्या म्हणी पाठ करण्यात गुंतले. बेपत्ता बायांची नावं मालिकेत बदललेली होती, आणि खरी नावं आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती.

तिकडेही फार वेगळं नाही. 'क्रॅकर' सप्टेंबर 1993 मध्ये सुरू झाली, तेव्हा लंडनचे पोलीस खऱ्याखुऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानं एका माणसाला अटक करून बसले होते. आदल्या वर्षी विम्बल्डन कॉमनवर रेचेल निकेल या तरुण आईचा तिच्या लहानग्यासमोर खून झाला होता. खुनी कसा असेल याचं चित्र मानसशास्त्रज्ञानं काढलं आणि एक एकलकोंडा माणूस त्यात चपखल बसला. एका महिला पोलिसानं ओळख लपवून त्याच्याशी मैत्री केली, त्याला बोलतं करायचा महिनोन् महिने प्रयत्न केला. त्यानं खुनाची कबुली दिली नाही, कारण खून त्यानं केलाच नव्हता. 1994 मध्ये न्यायाधीशांनी तो सगळा पुरावा फेकून दिला. खरा खुनी 2008 मध्ये कबूल झाला. मधल्या काळात, नोव्हेंबर 1993 मध्ये, त्यानं आणखी एका आईला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला मारलं होतं.

म्हणजे त्या महिन्यांत टीव्हीवर फिट्झ दर आठवड्याला बरोबर ठरत होता. हे वाचल्यापासून मी भाजीवाल्याकडे रोखून बघणं कमी केलं आहे. बंद केलेलं नाही.

आणि मग पोलीस खरोखरच माझ्या दारात आले. "साहेब, तुमच्याशिवाय गत्यंतर नाही," हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची मी इतकी तालीम केली होती की मी आधी शर्ट बदलून आलो. हवालदार पासपोर्टच्या चौकशीला आले होते. नूतनीकरण होतं. मी त्यांना बसवलं, समोरची खुर्ची घेतली आणि फिट्झसारखा पुढे झुकलो. पोटानं अडवलं.

"कुणाकडं निघालाय?"

"मुलाकडे. मँचेस्टरला."

"आधार?"

आधार कपाटात नव्हतं. ते विजेच्या बिलांत सापडलं. जुना पासपोर्ट बायकोच्या माहेरच्या अल्बममध्ये निघाला. फोटो एकच उरला होता, त्यात माझे केस काळे होते. हवालदार शांतपणे एकेक कागद लावत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "सर, तुमाला मनातनं जायचं न्हाई."

मी हसलो. त्यांनी हसू दिलं.

"न्हाई, रोज घरं बगतो ना. ज्याला जायाचं आसतंय त्याची फाइल टेबलावर तयार आसती. तुमचा एक बी कागुद जाग्यावर न्हाई. पोरगं तिकडंच ऱ्हाणार म्हणतंय का?"

काय बोलावं ते मला सुचेना. मुलगा मागच्या फोनवर घर घेतोय म्हणाला होता. मी फिट्झच्या तिसऱ्या सीझनबद्दल बोललो होतो. बायको आत कुकर लावत होती, तिनं शिट्टी होण्याआधीच गॅस बारीक केला.

हवालदारांनी विषय लांबवला नाही. "शेजारची दोन माणसं बोलवा, सही पायजे," म्हणाले. कोपऱ्यावरच्या जगताप काकू हात पुसत आल्या. पेन घेतलं, पण कागदावर टेकवलं नाही. हवालदारांच्या छातीवरच्या पट्टीवर त्यांची नजर गेली होती.

"पाटील का? पाटील म्हंजे कुठलं?"

"काकू, हितं चौकशी आमी करायची आसती."

"करा की. कोण नगं म्हणतंय?" काकू आमच्या स्वयंपाकघराकडे वळून ओरडल्या, "वैनी, सायबांना पोहं टाका!" आणि परत त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "कांदा चालतो न्हवं?"